वाफेच्या खात्यावरचा खर्च

पुण्याच्या मार्केट यार्डात तीन पिढ्यांची आडत असलेल्या एका कुटुंबाचा पाचगणीला बंगला आहे. आजोबांनी तो घेतला तेव्हा मे महिन्यात सारे कुटुंब पसरणीचा घाट चढून तेथे जाई आणि पावसाची पहिली सर आली की परत फिरे. पुढे नातवंडे शिक्षणासाठी आणि व्यवसायासाठी दूर गेली. वर्षातले अकरा महिने बंगल्याला कुलूप राहू लागले. व्यापारी माणसाला बंद घर हे व्याज न देणाऱ्या ठेवीसारखे खुपते. शिवाय या ठेवीला उलट आपणच दरमहा काही ना काही द्यावे लागते. तेव्हा दोघा भावांनी विचार करून बंगला पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने देण्यास सुरुवात केली. दोन वर्षांपूर्वी, इतर बंगल्यांच्या तुलनेत आपण मागे पडू नये म्हणून, मागच्या अंगणात सहा माणसे बसतील असा गरम पाण्याचा टब बसवला. लोक त्याला सर्रास जकूझी म्हणतात.

जकूझी हे मुळात एका घराण्याचे आडनाव आहे. इटलीतून अमेरिकेत गेलेल्या सात भावांनी १९१५च्या सुमारास कॅलिफोर्नियातील बर्कली येथे एकत्र व्यवसाय सुरू केला. आधी विमानांचे पंखे, मग शेतीचे पंप, असा त्यांचा प्रवास झाला. घरातल्या एका मुलाला सांध्यांचा विकार जडला, तेव्हा त्याच्या उपचारासाठी केलेल्या प्रयोगातून साध्या न्हाणीच्या टबात सोडता येणारा पंप तयार झाला आणि तो १९५६मध्ये विक्रीस आला. पुढे १९६८मध्ये त्याच घराण्यातील रॉय जकूझी यांनी पंप आतच बसवलेला टब बनवला. उपचार म्हणून जन्मलेली वस्तू अशी हौसेची झाली, आणि आता ती पाचगणीच्या अंगणातही येऊन पोहोचली आहे.

टबामुळे गिऱ्हाईक वाढले, यात शंका नव्हती. शनिवार-रविवार महिना महिना आधी भरू लागले. मात्र विजेचे बिलही वाढले, आणि ते कोणाच्याच अंदाजात बसेना. टबाच्या आधीचे बिल आणि नंतरचे बिल यांत दरमहा दहा-अकरा हजारांचा फरक पडू लागला. पाहुणे आठवड्यातून तीन दिवस येत, टबात दिवसाकाठी दोन-तीन तास बसत. एवढ्या वापराला एवढी वीज लागेल, हे मोठ्या भावाच्या मनाला पटत नव्हते. चाळीस वर्षे काट्यावर नजर ठेवून आडत केलेल्या माणसाला जेथे तूट दिसते तेथे हात दिसतो. त्यांची नजर बंगल्याच्या राखणदाराकडे वळली.

हा राखणदार एकोणीस वर्षे बंगल्यावर आहे. वय साठीला आलेले. घरातली मुले त्याला मामा म्हणतात. बंगल्याच्या मागे एक खोली, तेथे तो आणि त्याची बायको राहतात. त्याच सुमारास शेजारच्या प्लॉटवर बांधकाम सुरू होते आणि मजुरांची खोपटी कुंपणाला लागून होती. मामांनी चार पैशांसाठी तिकडे तार टाकून दिली असेल, असा मोठ्या भावाला संशय आला. वायरमन नेऊन पाहणी झाली. तार कोठेच सापडली नाही. मामांच्या खोलीत पाणी तापवण्याची एक विजेची कॉइल तेवढी मिळाली. मोठ्या भावाने कोणाला दुखावेल असा शब्द काढला नाही. मात्र त्या खोलीतला प्लग काढून टाकायला सांगितला. प्लग निघाला. पाचगणीच्या डिसेंबरात मामांच्या बायकोने पहाटे अंगणात चूल पेटवून आंघोळीचे पाणी तापवायला सुरुवात केली. मामाही काही बोलले नाहीत.

पुढच्या महिन्याचे बिल आले. त्यात जेमतेम दोनशे रुपयांचा फरक होता.

त्या दिवशी जेवणानंतर मोठ्या भावाच्या धाकट्या सुनेने विषय काढला. पेढीचा जीएसटी आणि घराचा हिशेब तीच पाहते.

“पप्पा, आपण बिल बघतो, पण वीज जाते कुठे ते बघतच नाही. टबाला वेगळं सबमीटर लावू. रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर आकडा लिहून ठेवायचा.”

“लिहिणार कोण? मामाच ना? म्हणजे चोराच्या हातात किल्ली.”

“आकडा मीटर लिहितं, पप्पा. मामा फक्त उतरवून घेणार.”

सबमीटर बसले. सुनेने मामांना एक वही दिली आणि तिच्यात तीन रकाने आखून दिले: रात्रीचा आकडा, सकाळचा आकडा आणि टबात घातलेले पाणी. तिसरा रकाना तिने जाता जाता घातला होता. सकाळी टबात दोन-तीन बादल्या पाणी घालावे लागते, असे मामा कधीतरी सहज म्हणाले होते, ते तिच्या लक्षात राहिले होते.

पंधरा दिवसांनी वही पुण्यास आली. अक्षर वाकडे, पण एकही दिवस सुटलेला नव्हता. रात्री दहा ते सकाळी आठ या वेळात टब रोज पंचवीस ते अठ्ठावीस युनिटे वीज खात होता. ज्या दिवशी पाहुणे होते त्या रात्रीही, आणि ज्या दिवशी बंगल्यात चिटपाखरू नव्हते त्या रात्रीही. तिसऱ्या रकान्यात रोज एकच नोंद होती: बादल्या अडीच. पाहुण्यांच्या खेळण्याने पाणी उडाले असते तर सोमवार ते गुरुवार त्या रकान्यात शून्य यायला हवे होते. टबाला गळतीही नव्हती. खालची फरशी कोरडी होती. मग हे पाणी जात होते कोठे? ते वर जात होते. टबातून रोज रात्री चाळीसेक लिटर पाणी वाफ होऊन पाचगणीच्या हवेत मिसळत होते, आणि तेच वीज घेऊन जात होते.

येथे दोन आकडे ध्यानात ठेवले, तर पुढचा सगळा हिशेब कोणालाही घरबसल्या करता येईल. पहिला आकडा ८६०. एक युनिट वीज ८६० लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवते. या कुटुंबाच्या टबात १,२०० लिटर पाणी मावते. टाकीतले वीस अंशांचे पाणी चाळीस अंशांवर न्यायचे तर १,२०० गुणिले २० भागिले ८६०, म्हणजे सुमारे २८ युनिटे लागतात. तीन किलोवॉटच्या हीटरला त्यासाठी सव्वानऊ तास लागतात. टब भरण्याचा हा खर्च सगळ्यांच्या लक्षात येतो, कारण तो डोळ्यांदेखत होतो.

दुसरा आकडा ०.६७. एक लिटर पाण्याची वाफ होते तेव्हा ती जाताना सुमारे ०.६७ युनिट इतकी उष्णता सोबत नेते. एक लिटर पाणी वीस अंशांनी तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या जवळजवळ एकोणतीस पट ही झाली. टबाची लांबी दोन मीटर आणि रुंदी दोन मीटर, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग चार चौरस मीटर. पाण्याची पातळी अवघी एक सेंटिमीटर उतरली, की चाळीस लिटर पाणी गेले. चाळीस गुणिले ०.६७ म्हणजे सुमारे २७ युनिटे. करंगळीच्या रुंदीइतके पाणी वाफ झाले, तर सगळा टब नव्याने तापवण्याइतकी वीज गेली.

ही तूट इतके दिवस कोणाला दिसली नाही, त्याचे कारण थर्मोस्टॅट. पाणी थोडे निवले की हीटर आपोआप सुरू होतो आणि तापमान पुन्हा चाळीसवर आणतो. सकाळी हात घालून पाहावे, तर पाणी काल रात्रीइतकेच गरम. मालकाला वाटते, पाणी गरमच राहते आहे, म्हणजे फारसा खर्च नाही. वास्तविक हीटर रात्रभर जळत राहिला म्हणून ते गरम राहिलेले असते. दुकानाच्या गल्ल्यातून रोज रक्कम जात असावी आणि कोणीतरी रोज घरून पैसे आणून ती भरून काढत असावे, तसा हा प्रकार. गल्ला मोजला तर शिल्लक बरोबर निघते. तूट दिसते ती घरच्या खात्यात.

टबावर झाकण नव्हते काय? होते. टबाबरोबर आलेले, आत फोम भरलेले जाड झाकण भिंतीला टेकवून उभे होते. सुनेने मामांना फोन करून विचारले, तेव्हा ते म्हणाले, “वहिनी, मागच्या पावसाळ्यापासून ते लय जड झालंय. एकट्याला उचलवत नाही. शेठना सांगितलं होतं.”

मोठ्या भावाला आठवले. मामांनी खरोखरच सांगितले होते, आणि “दिवाळीनंतर बघू” असे उत्तर त्यांनीच दिले होते. त्या झाकणाची वरची रेक्झिनची शिवण पाचगणीच्या पावसात उसवली होती आणि आतला फोम पाणी पिऊन बसला होता. भिजलेला फोम उष्णता अडवत नाही आणि वजनाने मात्र दोन माणसांनाही आवरत नाही. नवे झाकण बत्तीस हजारांचे होते. तो खर्च पुढे ढकलला गेला, आणि त्याच्या बदल्यात दर रात्री २७ युनिटे जात राहिली. हिशेबाच्या सोयीसाठी युनिटाचा दर दहा रुपये धरला, तर रात्रीचे २७० आणि महिन्याचे आठ हजारांहून अधिक. चार महिन्यांत झाकणाची किंमत वाफेत गेली होती. भांडवली खर्च टाळला की तो वाचतो असे वाटते. पुष्कळदा तो फक्त खाते बदलतो आणि महसुली खर्चात जाऊन बसतो, जेथे तो कायम राहतो.

दरम्यान धाकट्या भावाने दुसरी वाट शोधली होती. एका विक्रेत्याने त्यांना हीट पंप सुचवला होता. फ्रिज आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, त्याच तत्त्वावर हे यंत्र बाहेरच्या हवेतली उष्णता काढून पाण्यात आणते. त्यामुळे एक युनिट विजेत साधारण तीन युनिटांइतकी उष्णता मिळते. फार थंडीत थोडी कमी. यंत्र उत्तम आहे आणि विक्रेता खोटे बोलत नव्हता. त्याचा हिशेब असा होता: टबाला महिना १,१०० युनिटे लागतात, यंत्राने सुमारे ७०० वाचतील, म्हणजे सात हजार रुपये, यंत्राची किंमत दीड लाख, एकवीस-बावीस महिन्यांत पैसे वसूल. कोणत्याही पेढीला आवडेल असा हा परतावा होता.

सुनेने एवढेच सुचवले, की हा निर्णय नवे झाकण येऊन महिना होईपर्यंत थांबवावा. झाकण आले. त्याच्या जोडीला पाण्यावर तरंगणारी बुडबुड्यांची प्लास्टिकची चादरही घेतली. झाकणाला कडेने आधाराची लोखंडी दांडी बसवली, त्यामुळे ते एका माणसाला एका हाताने उलगडता आणि मिटता येऊ लागले. पहिल्याच रात्री वहीत दहा तासांचा आकडा आला: तीन युनिटे. दिवसरात्र मिळून सहा. तिसऱ्या रकान्यात मामांनी प्रथमच शून्य लिहिले.

महिनाअखेर टबाचा एकूण वापर ३०० युनिटांवर आला होता. आता हीट पंपाचा हिशेब पुन्हा मांडला. ३०० युनिटांपैकी पंप आणि फिल्टरचा भाग सोडला, तर पाणी तापवण्याची २७० उरतात. यंत्राने ती ९०वर येतील, म्हणजे बचत १८० युनिटांची, अठराशे रुपयांची. दीड लाख भागिले अठराशे, म्हणजे जवळजवळ सात वर्षे. यंत्र तेच, किंमत तीच. फक्त गळती आधी बंद केल्याने परताव्याचा काळ एकवीस महिन्यांवरून त्र्याऐंशी महिन्यांवर गेला. यंत्र आधी घेतले असते, तर बिल कमी झालेले पाहून घरातले सगळे समाधानी झाले असते, आणि वाफ मात्र तशीच जात राहिली असती. ज्यांचा टब वर्षभर रोज वापरात असतो, त्यांनी हीट पंप अवश्य घ्यावा. पण क्रम मोडू नये. आधी गळती, मग यंत्र.

३०० युनिटांपर्यंत खर्च उतरला, तो एकट्या झाकणाने नव्हे. या कुटुंबाने आणखी काही सवयी बदलल्या, त्या अशा टबाच्या कोणत्याही मालकाला उपयोगी पडतील.

पहिली सवय रिकाम्या दिवसांची. पाणी सतत गरम ठेवणे स्वस्त, की थंड होऊ देऊन पुन्हा तापवणे स्वस्त, हा वाद नेहमी ऐकू येतो. निसर्गाचा नियम स्पष्ट आहे: पाणी आणि हवा यांच्या तापमानात जितका फरक, तितकी उष्णता वेगाने जाते. निवलेले पाणी कमी गमावते, म्हणून हीटर बंद ठेवण्यातच बचत आहे. या कुटुंबाच्या टबाला सोमवार ते गुरुवार गरम ठेवण्यास २४ युनिटे लागत. हीटर बंद ठेवला तर चांगल्या झाकणाखाली पाणी चार दिवसांत २८ अंशांपर्यंत उतरते आणि ते परत चाळीसवर आणण्यास सुमारे १७ युनिटे पुरतात. फरक सुमारे सात युनिटांचा. झाकण चांगले असेल तर हा फरक लहान, आणि वाईट असेल तर फार मोठा. मात्र परत तापवण्यास साडेपाच तास लागतात, हे विसरून चालत नाही. शुक्रवारी संध्याकाळी पाहुणे यायचे असतील, तर सकाळी अकराला हीटर सुरू व्हायलाच हवा.

ही वेळही हिशेबाची आहे. दुपारी हवा गरम असते, त्यामुळे तापवताना उष्णता कमी वाया जाते आणि हीट पंप असेल तर तोही दुपारी अधिक काम देतो. ज्यांच्या जोडणीला वेळेनुसार दर लागू आहेत, त्यांना दिवसाची वीज संध्याकाळच्या विजेपेक्षा स्वस्त पडते. रात्री अकराला टब तापवायला लावणे म्हणजे महाग वीज घेऊन थंड हवा तापवणे होय.

दुसरी सवय तापमानाची. टबाचे पाणी चाळीस अंशांच्या वर कधीच नसावे. ही मर्यादा आरोग्याची आहे. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांना तर इतके गरम पाणी मुळीच योग्य नाही, आणि हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच टबात उतरावे. बहुतेकांना अडतीस अंशही पुरतात. वीस अंशांच्या हवेत चाळीसऐवजी अडतीस ठेवले, तर फरक वीसवरून अठरावर येतो, म्हणजे तापवण्याचा खर्च दहा टक्क्यांनी उतरतो. पाहुण्यांना दोन अंशांचा फरक जाणवत नाही, बिलाला जाणवतो.

तिसरी सवय हवेची. बुडबुड्यांसाठी टबात जी हवा सोडली जाते, ती बाहेरची थंड हवा असते. ती पाण्यातून वर येताना वाफ घेऊनच बाहेर पडते. टबातून उठल्यावर बुडबुडे बंद करण्यास पाहुणे विसरतात; वीस मिनिटांनी आपोआप बंद करणारा टायमर हा त्यावरचा उपाय. त्याचप्रमाणे पाण्याच्या पृष्ठभागावरून वाहणारा वारा बाष्पीभवन वाढवतो, हे ओले कपडे वाळत घालणाऱ्या कोणत्याही गृहिणीला माहीत असते. टेबललँडवरून येणारा वारा अडवण्यासाठी या कुटुंबाने टबाच्या दोन बाजूंना बांबूचा दाट आडोसा उभा केला. पाहुण्यांना त्यामुळे एकांत मिळाला, हा वरचा लाभ.

चौथी सवय विचारण्याची. बुकिंगच्या वेळी आता एक प्रश्न विचारला जातो: टब वापरणार आहात काय? वृद्ध आईवडिलांना घेऊन येणारी किंवा दिवसभर महाबळेश्वर फिरून रात्री झोपायलाच परतणारी कुटुंबे पुष्कळदा नाही म्हणतात. त्या दिवशी टब तापवला जात नाही. इतके दिवस न मागितलेला माल गिऱ्हाइकाच्या दारात उतरवला जात होता, आणि त्याची हमाली मालक भरत होता.

पाचवी गोष्ट सूर्याची. तीनशे लिटरचा सौर बंब स्वच्छ उन्हाच्या दिवशी पाणी वीस अंशांवरून साठपर्यंत नेतो. ती उष्णता सुमारे १४ युनिटांइतकी होते, म्हणजे टब नव्याने भरतानाचा निम्मा खर्च. बंगल्याच्या गच्चीवर असा बंब असेल, तर टब भरण्याचा दिवस उन्हाचा निवडावा. पाचगणीच्या पावसाळ्यात मात्र त्याच्यावर विसंबू नये. जून ते सप्टेंबर तेथे धुक्याचेच राज्य असते.

एका बाबतीत या कुटुंबाने काटकसर केली नाही, आणि कोणी करूही नये. कोमट आणि औषध न घातलेल्या पाण्यात जंतू झपाट्याने वाढतात. फुप्फुसाचा गंभीर ताप आणणारा लीजनेला हा जंतू त्यांतलाच. म्हणून हीटर बंद असला तरी फिल्टरचा पंप रोज ठरावीक तास चालू राहतो. पाण्यातील क्लोरीन दहा लाख भागांत किमान तीन भाग आणि पीएच ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान आहे, हे मामा पट्टी बुडवून रोज पाहतात. साधारण पंधरा दिवसांनी पाणी पूर्ण बदलले जाते. बदलायचे ठरले की आदल्या रात्री शेवटचा पाहुणा टबातून उठताच हीटर बंद होतो. जे पाणी सकाळी सोडून द्यायचे, ते रात्रभर गरम ठेवण्यात अर्थ नसतो. क्लोरीन उडून जाईपर्यंत थांबून तेच पाणी बागेला दिले जाते.

एक सूचना भाड्याने घर देणाऱ्या सर्वांसाठी. घरगुती दराच्या जोडणीवर परवानगीवाचून व्यापारी वापर केला, तर २००३च्या वीज कायद्यातील कलम १२६ अन्वये तो अनधिकृत वापर ठरू शकतो, आणि त्याची आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. आपल्या जोडणीचा वर्ग कोणता, आणि आपल्या प्रकारच्या भाड्याला कोणता वर्ग लागू आहे, हे वीज कंपनीच्या कार्यालयात लेखी विचारून घ्यावे. वाफ थांबवून वाचवलेले आठ हजार अशा एका नोटिशीत सहज निघून जातील.

या हिशेबाचा शेवट मात्र रुपयांत होत नाही. वही पुण्यास आली आणि मोठ्या भावाने तिची पाने उलटून पाहिली, त्याच दिवशी त्यांनी वायरमनला फोन केला. नवे झाकण येण्याच्या आठ दिवस आधी मामांच्या खोलीतला प्लग परत बसला. पुढच्या रविवारी ते स्वतः पाचगणीस गेले. संध्याकाळी टबाजवळ दोघेच उभे होते.

“मामा, झाकणाचं तुम्ही मला सांगितलं होतं.”

“दोनदा सांगितलं होतं, शेठ.”

मोठे भाऊ थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “तुम्ही चोख लिहिलंत. मीच लिहून ठेवलं नव्हतं. चूक माझी झाली.”

मामांनी मान हलवली आणि टबावरची चादर सारखी केली.

आता त्या वहीत चौथा रकाना आहे. त्याचे नाव शेरा. त्यात मामांना जे सांगायचे असेल ते ते लिहितात, आणि दर सोमवारी सून ते पान फोनवर मागवून मोठ्या भावांपुढे ठेवते. परवाच्या पानावर चारच शब्द होते: दांडीचा स्क्रू ढिला झालाय. त्याच्यापुढे मोठ्या भावाच्या अक्षरात त्याच दिवसाची तारीख आहे, आणि खाली लिहिले आहे: बसवला.